दहा सेकंद

ऑक्टोबरात तुमचा आधार संपतो,
असं पडद्याने सांगितलं, निळ्यावर पांढऱ्यात.
खाली दोनच बटणं: 'आत्ता' आणि 'नंतर आठवण करा'.
'नाही' म्हणायची सोय ठेवलेली नव्हती.

आधार संपण्याची मला सवय आहे.
तरी मार्चपासून मी 'नंतर' दाबत राहिले,
दार वाजवणाऱ्याला आतूनच
अंघोळीला बसलेय म्हणून सांगावं तसं.

यंत्राला काही झालेलं नाही.
अच्युतने घेतलेलं, अकरा वर्षांचं,
पंखा जरा धापा टाकतो,
कीथली स्टेशनचा चढ चढताना मी टाकते तितपतच.
पण नवं विंडोज त्याला घरात घेणार नाही म्हणे.
वय आडवं येतं.

विल्फने सहाशे पौंड मोजून नवं आणलं,
आता त्याला स्वतःचेच फोटो सापडत नाहीत.
ग्लेनिस म्हणते, बँक सोडीन, पत्त्यांचा डाव सोडणार नाही.
आणि डेस्मंड, ज्याने ब्रॅडफर्डच्या बसगाड्यांखाली
चाळीस वर्षं पाठीवर झोपून काढली,
तो म्हणतो: इंजिन बदल, बस कशाला भंगारात घालतेस?
लिनक्स घाल. फुकट आहे.

फुकट म्हटलं की मला आधी धास्ती.

मिरजेहून इकडे यायचं
एका दुपारीत ठरलं होतं.
एक ट्रंक, दोन स्वेटर, मेतकुटाचा डबा.
देश बदलला, आडनाव बदललं,
रक्ताच्या नळ्यांवर लेबलं लिहायची भाषा बदलली,
आणि आता सहा महिने
एका पेटीच्या पोटातलं बदलू की नको, यात अडकलेय.
धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

खरं कारण मी डेस्मंडला सांगितलं नव्हतं.
अच्युतच्या फायली.
सगळ्या त्या जुन्या मराठी फॉन्टमधल्या,
जो दादरहून सीडीवर आणला होता.
फॉन्ट गेला की अक्षरं जातात,
उरतो नुसता चिन्हांचा कचरा,
व्यंगचित्रात शिव्या छापतात तसा.

गुरुवारी ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर
त्याने बोटाच्या पेराएवढी काडी यंत्राला टोचली.
काही पुसत नाही, म्हणाला, नुसतं आत डोकावून बघ.
डोकावले. फाइल उघडली.
कचरा.

ग्लेनिसने न विचारता माझ्या चहात साखर घातली.
डेस्मंड जुन्या फोल्डरांत शिरला,
बॉनेटखाली तेल बघायला शिरावं तसा,
इथलं काहीतरी उचलून तिथे ठेवलं,
आणि ओळींना शिरोरेघ फुटली.

पत्र नव्हतं. कविता तर नव्हतीच.
'बॉयलरचा दाब एकच्या खाली गेला तर
डावीकडची काळी चावी पाव फेरा.
जास्त नको. हेरंबला सांगू नकोस,
तो पाव म्हटलं की अर्धा फिरवतो.'

विल्फने विचारलं, काय लिहिलंय एवढं?
बॉयलर, मी म्हटलं.
आमचाही गळतो, तो म्हणाला.

शेवटी दोन्ही ठेवली, एकाच पेटीत, मध्ये भिंत.
नव्यात एक काळी खिडकी आहे,
तिच्यात परवलीचा शब्द लिहिला
तर ठिपकासुद्धा उमटत नाही.
ऐकतं ते, डेस्मंड म्हणाला, मान डोलवत नाही इतकंच.
अशा माणसाबरोबर मी त्रेचाळीस वर्षं काढली आहेत.

ऑक्टोबरनंतर जुन्याला इंटरनेट दाखवायचं नाही,
बाहेरचं वारं त्याला सोसणार नाही.

आता सकाळी बटण दाबलं की यंत्र विचारतं, कुठे जायचं,
आणि दहापासून उलटं मोजू लागतं.
मी हात लावला नाही
तर आपणहून नव्याकडे वळतं.
नऊ. आठ. सात.
मी चहाचा कप
दोन्ही हातांनी धरून बसते.